दोन कानांचा तेजोमेघ

तुळशीरामभाऊ फोटो काढताना समोरच्याला श्वास घेऊ देत नसत. सौंदडला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचा स्टुडिओ होता. पासपोर्ट फोटोला बसलेला माणूस लालबुंद होईपर्यंत त्यांचे "हलाचं नाई, हलाचं नाई" चालायचे. मग स्वतः उठून यायचे, दोन बोटांनी त्याची हनुवटी वर करायचे, केस मागे सारायचे आणि सांगायचे, "दोन्ही कान दिसले पायजेत. एक लपला का सरकार फोटो वापस करते."

फोटो निघाला की त्यांचे खरे काम सुरू होई. कॉम्प्युटरवर ते माणसाचे तीळ, व्रण, मस सगळे पुसून काढत. आमच्या गावात लग्नाच्या मुलींच्या फोटोत तीळ म्हणून सापडायचा नाही, तो लग्न झाल्यावर सापडायचा. मी त्यांचा शेजारी, शाळेत विज्ञान शिकवणारा. माझ्या कपाळावरची लहानपणची खोकही त्यांनी न विचारता बुजवली होती. मी कुरकुर केली तर म्हणाले, "गुर्जी, खोक पाहाची असन तं घरी आरसा हाये ना. फोटोत कायले पायजे?"

पुढे हाताहातांत मोबाइल आले आणि भाऊंच्या खुर्चीत बसायला माणसे येईनात. रिकामा बसेल तो तुळशीरामभाऊ कसला! नागपूरच्या एका हौशी प्राध्यापकांकडून त्यांनी जुनी दुर्बीण आणली आणि परसात, भोपळ्याच्या मांडवाशेजारी उभी केली. सुमनवहिनी मला भिंतीवरून म्हणाल्या, "मानसं संपली गावातली. आता वरच्याईले खुर्चीत बसवनार हायेत."

आम्हाला वाटले, चंद्राचे दोन-चार फोटो काढतील आणि हौस फिटेल. पण चंद्र त्यांना पसंत नव्हता. "त्याचे फोटो कोनीबी काढते," म्हणाले. एकदा माझ्याकडचे मासिक चाळताना ते एका चित्रापाशी थांबले. शनी तेजोमेघ. हिरवट, तेजस्वी, लहानशी चकती आणि तिच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेले बारीक कोंब.

"गुर्जी, याले तं दोन कान हायेत!" भाऊ ओरडले. "मांगं काळा पडदाबी हाये."

मी शिक्षकी पेशाला जागून समजावले, की हा म्हातारा होऊन मरणाला लागलेला तारा आहे, त्याने अंगावरचा वायू बाहेर फेकला आहे, त्याचा उजेड आपल्यापर्यंत यायलाच हजारो वर्षे लागतात. भाऊंनी सगळे नीट ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हंजे म्हातारा हाये. मंग याले लय वेळ बसवून नाई चालनार."

प्रत्यक्षात त्या म्हाताऱ्यानेच भाऊंना बसवले. तो एवढासा, पृथ्वी सतत फिरणारी आणि त्याच्यामागे दुर्बीण वळवणारी मोटर मनमौजी. कमी वेळाचे पुष्कळ फोटो घ्यायचे आणि कॉम्प्युटरवर एकावर एक रचायचे, हे तंत्र ते शिकले. मला दुर्बिणीतून दाखवले तेव्हा मला उकडलेल्या वाटाण्यासारखे काहीतरी दिसले. मी "वा" म्हणालो. भाऊ मात्र स्वतःचाच श्वास रोखून उभे होते. "मी श्वास घेतलो का तो हलते," असे त्यांचे पक्के मत होते.

त्याच वर्षी त्यांच्या मुलीने ठरवले, की दिवाळीनंतर आईबाबांनी नागपूरला आपल्याकडे राहायचे. भाऊंचे गुडघे बोलत होते, वहिनींचा बीपी वाढला होता, तेव्हा नाही म्हणायला जागा नव्हती. पण नागपूरच्या फ्लॅटमधून तेजोमेघ कुठला दिसायला! भाऊंची एकच इच्छा उरली. स्टुडिओच्या दर्शनी काचेच्या कपाटात त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे नवरदेव आणि दुसऱ्यांची बाळे मांडली होती. शटर कायमचे पाडण्याआधी तिथे एक फोटो त्यांच्या मनाचा लागायला हवा होता.

दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. कॉम्प्युटरवर तेजोमेघ होता, दोन्ही कानांसकट. भाऊ गुडघे विसरून नाचले. मग त्यांनी तयार फोटो तेवढा मेमरी कार्डात घेतला, काम झाले की मूळ फोटो पुसायच्या जन्माच्या सवयीने कॉम्प्युटर साफ करून टाकला आणि कार्ड गोंदियाच्या लॅबमध्ये देऊन आले.

मोठा प्रिंट घेऊन ते परत आले तेव्हा मी आणि वहिनी दारातच होतो. भाऊंनी वरचा कागद सोडला. आत एक गुळगुळीत हिरवा गोळा होता. कान नव्हते.

भाऊंनी लॅबला फोन लावला. पलीकडचा ऑपरेटर खुशीत होता. "भैया, दोनों साइड में धब्बे थे, मैंने साफ कर दिए. उसी फोटो पे सेव भी कर दिया, टेन्शन मत लो."

म्हणजे कार्डातली एकुलती प्रतही बिनकानाची झाली होती. मला हसू फुटले आणि भाऊंचा चेहरा पाहून तिथेच विरले. वहिनी मात्र गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. "गावातल्या पोरीइचे तीळ असेच गेले होते," त्या म्हणाल्या.

भाऊंनी प्रिंट परत कागदात गुंडाळला. मग हळू आवाजात म्हणाले, "त्याईच्या घरी आरसा होता वो. याच्यापाशी काय हाये?"

भाऊंनी पुन्हा दुर्बीण लावली, पण आभाळ आले, मग गेले, तर शेजारच्या खळ्यावर धानाची मळणी सुरू झाली. मळणीयंत्राचा धुरळा थेट परसावर. सामान हलवायला मोजके दिवस उरले होते. अंधार पडताच भाऊ खळ्यावर गेले आणि यंत्र थोडा वेळ बंद ठेवा म्हणून हात जोडले.

"काऊन?" यंत्रवाल्याने विचारले.

"एक फोटो काढाचा हाये. वरचा."

"मंग आधी खालचा काढा. ट्रॅक्टरसंग, सगळ्याईचा."

भाऊंनी काढला. कुणाची हनुवटी उचलली नाही, कुणाचे केस सारले नाहीत. डोक्यावर धानाचा भुसा, दात बाहेर, तसाच. मग यंत्र थांबले, ट्रॅक्टरचे दिवे विझले आणि सगळी माणसे तणसावर बसली. भाऊंनी सवयीने त्यांनाही सांगितले, "हलाचं नाई." आणि खरेच कुणी हलले नाही.

या खेपेला एक कान स्वच्छ आला आणि दुसरा धुरळ्याने जेमतेम. मी शहाणपणा केला, "भाऊ, कॉम्प्युटरवर जरा उजळ करू या का?"

"हात लावाचा नाई," ते म्हणाले.

गोंदियाला मी त्यांच्यासोबत गेलो. भाऊ ऑपरेटरला खेटून बसले आणि त्याच्या माउसवरच्या हातावर त्यांनी आपला हात ठेवला.

"अंकल, एक साइड दब रहा है. ब्राइट कर दूँ?"

"नहीं. जैसा है वैसाच निकालो."

"बाद में कस्टमर बोलेगा तो?"

"कस्टमर मैं हूँ," भाऊ म्हणाले. हे वाक्य त्यांनी उभ्या जन्मात प्रथमच उच्चारले असावे. 

जायच्या दिवसापर्यंत तो फोटो काचेच्या कपाटात होता. येणारेजाणारे "हा कोन?" विचारत आणि भाऊ न कंटाळता सांगत.

ट्रक भरला. वहिनींनी कपाट उघडले, चौकट काढून शालीत गुंडाळली आणि मुलीच्या कारमध्ये बसल्या.

"ट्रकात गाद्या हायेत, त्याईच्या मधात ठेव ना," भाऊ म्हणाले.

"फुटन. माह्या मांडीवर राहू द्या." मग शालीचे टोक बाजूला करून त्यांनी चौकट डोळ्यांजवळ नेली. "दुसरा कान कोनता?"

भाऊ वाकले आणि काचेवर बोट ठेवून दाखवू लागले. मला त्या बोटाखाली काहीच दिसत नव्हते. माझे डोळे भरले होते, पण कोरडे असते तरी दिसले असते असे वाटत नाही. वहिनींनी डोळे बारीक करून पुन्हा पुन्हा पाहिले.

"हो," त्या म्हणाल्या, "हाये ना. दिसून राहिला."