कोपऱ्यातली खुर्ची

सलूनमध्ये सगळे त्याला चौकस म्हणत. गालाला फेस लावता लावता तो गिऱ्हाइकाच्या सात पिढ्यांची माहिती काढायचा. वस्तरा गळ्यावर असला की माणूस खरं बोलतो, असं त्याचं ठाम मत होतं.

सलूनमध्ये खुर्च्या तीन, आणि कमाई ज्याच्या त्याच्या गिऱ्हाइकांवर. दाराजवळच्या पहिल्या खुर्चीवर नवं गिऱ्हाईक आपसूक बसायचं, मधलीवर उरलंसुरलं, आणि बेसिनजवळच्या कोपऱ्यात पिवळ्या बल्बखाली कोणी चुकून आलं तर. रिवाज असा, की पहिला कारागीर गेला की मधल्याने पुढे सरकायचं. त्या आशेवर मधल्या खुर्चीमागे लोकांचे केस कापता कापता चौकसचे स्वतःचे पिकले. अखेर थोरल्या कारागिराने गुडघेदुखीपुढे हात टेकले आणि पहिली खुर्ची रिकामी झाली.

नेमका त्याच दिवशी कोपऱ्यातल्या काकांनी मालकाकडे विषय काढला. स्वतःचं दुकान बुडाल्यावर उतारवयात ते इथे कारागीर म्हणून लागले होते.

"खुर्च्या दर आठवड्याला फिरत्या ठेवा," काका म्हणाले. "असंच चाललं तर मला काम सोडावं लागेल."

मालकाने अंग काढून घेतलं. "रिवाजाप्रमाणे पहिली खुर्ची चौकसची. तो हो म्हणाला तर फिरवू."

चौकसला हाती आलेली खुर्ची सोडवेना. पण खोड जाते कुठे? तो गिऱ्हाइकांनाच कौल विचारू लागला. त्याचा अंदाज सरळ होता: भरल्या पोटाचा नको म्हणेल, रिकाम्या पोटाचा हो म्हणेल. पण बंगलेवाले शेठ म्हणाले, "फिरवा की! आजोबांनी पेढी काढली नसती, तर मी कुठे असतो?" आणि पोती वाहणारा हमाल फेसासकट उसळला, "अजिबात नाही! राबेल त्याला मिळेल. फुकट्यांचे लाड कशाला?"

चौकस चक्रावला. मग तो आधी वेगळंच विचारू लागला, "गरीब माणूस गरीब का राहतो हो?" 'नशीब' म्हणणारे बहुतेक खुर्च्या फिरवा म्हणत, 'आळस' म्हणणारे नको. खिशाचा फारसा संबंधच नाही! या शोधाने तो इतका हरखला, की घरी येऊन बायकोला सगळं रंगवून सांगत बसला.

"आणि तुमचं काय मत?" तिने विचारलं.

"काकांचा हात संथ आहे गं. गिऱ्हाईक टिकणार कसं?"

"म्हणजे आळस. कळलं," असं म्हणून ती आपल्या कामाला लागली.

हे त्याला झोंबलं. दुसऱ्या दिवशी, बघू तरी काय होतं म्हणून, त्याने काकांना पहिल्या खुर्चीपाशी उभं केलं आणि स्वतः कोपऱ्यात गेला. दुपारपर्यंत त्याच्याकडे एकच माणूस फिरकला, तोही हात धुवायला. चौकसने कात्री पुसली, परत पुसली, आणि भिंतीला टेकून पेंगू लागला. पुढे काकांची कात्री भराभर चालली होती. बाकावर माणसं खोळंबलेली असली की हाताला आपोआप वेग येतो.

"तिकडे कोपऱ्यात मोकळं आहे, जा ना," काका एकाला म्हणाले.

"नको, तो सुस्त दिसतो. मी थांबतो."

चौकस ताडकन सरळ झाला. त्याच्या अंगाची लाही लाही झाली. पण त्या माणसाला सांगणार काय? त्याने जे पाहिलं ते खोटं नव्हतं.

संध्याकाळी तो मालकाला म्हणाला, "फिरवा खुर्च्या. पण पहिला आठवडा माझा."

तो आठवडा मोठ्या थाटात गेला. गिऱ्हाइकं त्याच्या हाताची तारीफ करत आणि चौकसला ती मनापासून पटे. शेवटच्या दिवशी त्याने सहज मागे पाहिलं. काका भिंतीला टेकून बसले होते. 'माणसात जरा म्हणून उत्साह नाही,' त्याच्या मनात आलं.

वस्तरा धरलेला त्याचा हात जागच्या जागी थांबला. त्याला स्वतःचीच भीती वाटली.

"काका," तो म्हणाला, "उद्यापासून तुम्ही इथे. मी आणखी दिवस मागितले, तरी देऊ नका."