मलेशियाच्या टेबलावर इंडोनेशियाचा सिनेमा

गेल्या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीआधीच्या शुक्रवारी, संध्याकाळी, पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी, आमच्या कॅम्पसच्या एका हॉलमध्ये माझ्या रूममेटचा सिनेमा मध्येच बंद केला गेला आणि दिवे लावले गेले. ती मलेशियाची, सिनेमा इंडोनेशियाचा. अन्याय तिच्यावर झाला. ज्यांनी केला त्यांना अजूनही वाटतं की आपण फक्त नियम पाळला, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

मी नागपूरची. कॉलेजात असल्यापासून पत्रकं लिहिते, वाटते, भिंतींवर चिकटवते. इथे आले तेव्हा अपार्टमेंट शेअर करायला ही मुलगी मिळाली. पहिल्याच हिवाळ्यात लक्षात आलं, की बाईसाहेब रोज जेवताना लॅपटॉपवर भुताचे सिनेमे बघतात. भात, वर तळलेलं अंडं, लाल मिरचीचा ठेचा, आणि समोर कफनात गुंडाळलेलं एक प्रेत उड्या मारत येतंय. घास मात्र थांबत नाही.

"तुमच्याकडचा का?" मी विचारलं.

"इंडोनेशियाचा. म्हणजे आमच्याकडचाच."

मला हे उत्तर पचलं नाही. मग हळूहळू ती सांगत गेली. दोन्हीकडच्या भाषा सख्ख्या चुलत बहिणींसारख्या. तिच्या गावच्या थिएटरात इंडोनेशियाचा भयपट लागला की शनिवारी जागा मिळायची नाही, आणि सोमवारी शाळेत कुणी एकटं बाथरूमला जायचं नाही. त्या गुंडाळलेल्या भुताला तिची आजी वेगळ्या नावाने ओळखायची. नातवंडं सिनेमातलं नाव घेतात. तिच्या भावाने कॉलेजात जकार्ताच्या पोरांसारखं, घरच्यांना उद्धट वाटणारं 'मी-तू' बोलायला सुरुवात केली तेव्हा वडिलांनी त्याला ताटावरून उठवलं होतं. मावसबहिणीने डोक्यावरची ओढणी कशी बांधावी हे एका इंडोनेशियन मालिकेच्या नायिकेकडून घेतलं. गाणी तर विचारूच नका, तिच्या लहानपणी रेडिओवर निम्मी तिकडचीच.

मला वाटलं, सापडलं. सांस्कृतिक आक्रमण. माझ्या डोक्यात पत्रकाचा मथळासुद्धा तयार झाला.

"हे तुमच्यावर लादलंय," मी म्हणाले.

"कुणी? मी रांगेत उभी राहून तिकीट काढलं. आणि माझ्या आजोबांच्या काळात तिकडचे लोक आमचे सिनेमे बघायला रांग लावायचे. तेव्हा आम्ही लादत होतो का?"

"तो वेगळा मुद्दा आहे."

"तुझा प्रत्येक मुद्दा वेगळा असतो. अंडं खाणारेस की मी खाऊ?"

ऑक्टोबरमध्ये आशियाई चित्रपट संध्येची घोषणा झाली. एका देशाला एक टेबल, एक झेंडा आणि पडद्यावर एक स्लॉट. इंडोनेशियाकडून कुणी नाव दिलं नव्हतं. मलेशियाकडून एकटी माझी रूममेट. ती डिसेंबरमध्ये डिग्री घेऊन परत जाणार होती आणि तिला एवढंच करून जायचं होतं: ज्या सिनेमाने तिची अख्खी शाळा घाबरवली, तो या लोकांना एकदा शेवटपर्यंत दाखवायचा. लॅबमध्ये चार माणसांपुढे बोलताना घाम फुटणाऱ्या मुलीने आरशासमोर उभं राहून प्रस्तावना पाठ केली होती.

कमिटीचा अध्यक्ष आपल्यातलाच. न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरमध्ये वाढलेला, आईवडील पुण्याचे. मराठी कळतं, उत्तर इंग्रजीत. त्याने तिचा अर्ज परत पाठवला. मी त्याला कॅफेटेरियात गाठलं.

"यार, इट्स सिंपल," तो म्हणाला. "मलेशियाच्या टेबलावर मलेशियाचा सिनेमा. शी शुड ब्रिंग समथिंग ऑथेंटिक."

"ती आयुष्यभर हेच बघत आलीये. याहून ऑथेंटिक काय असतं?"

"बट दॅट्स नॉट हर कंट्री."

"बरं. भारताच्या स्लॉटवर काय लागणार आहे?"

त्याने हिंदी सिनेमाचं नाव सांगितलं. भारताच्या टेबलावर माझं नाव होतं. सिनेमा निवडताना मला कुणी विचारलं नव्हतं.

"मी मराठी आहे. माझ्याकडून हिंदी कसा चालतो?"

"कमॉन, एव्हरीबडी वॉचेस हिंदी."

"ऐक स्वतःचं जरा," मी म्हणाले. "ऐक आणि मग तिचा अर्ज परत वाच."

त्याने तो वाचला नाही. मलेशियाच्या नावापुढे समुद्रकिनारे आणि उंच इमारती दाखवणारी पर्यटनाची एक फिल्म टाकून मोकळा झाला. तिला न विचारता.

माझं रक्त उसळलं. ती मात्र कपडे घड्या करत होती.

"माझ्या वाटचं तू चिडू नकोस," ती म्हणाली. "मला स्वतःला चिडता येतं."

"मग चीड ना."

"चिडलेय. घड्या बघ कशा घालतेय."

भारताचा स्लॉट माझ्या नावावर होता. मी तो तिला दिला. कमिटीला ई-मेल केला: भारताच्या वेळेत इंडोनेशियाचा सिनेमा दाखवला जाईल, निवड मलेशियाची. उत्तर आलं नाही, म्हणून मी ते मान्य धरलं आणि सिनेमाची फाइल प्रोजेक्टर चालवणाऱ्याकडे दिली. याला कुणी लबाडी म्हणत असेल तर म्हणो. आपली ई-मेल न वाचणं हा कमिटीचा प्रश्न.

शुक्रवारी हॉल भरला. बरेच जण नाचगाणी बघायच्या तयारीने आले होते, पहिल्या रांगेत दोन-तीन जरीच्या ओढण्याही होत्या. रूममेट उभी राहिली, प्रस्तावनेचं एक वाक्य विसरली, उरलेली नीट बोलली आणि सिनेमा सुरू झाला. जावामधलं एक खेडं. नवी सून घरात येते. ती सगळ्यांसाठी भात शिजवते आणि रोज संध्याकाळी भात बरोबर एका माणसाचा कमी पडतो. ती मूठभर जास्त घालते, तरी कमी पडतो. सासू फक्त एक जास्तीचं पान मांडते. सून त्या रिकाम्या पानासमोर जाऊन बसली आणि पानातला भात आपोआप हलला.

तेवढ्यात पडदा काळा झाला आणि दिवे लागले.

अध्यक्ष माइकवर आला. सॉरी गाइज, चुकीची फाइल लागली, भारताचा सिनेमा पाच मिनिटांत सुरू होईल.

चुकीची फाइल. तिचं अख्खं लहानपण ही चुकीची फाइल. ती पडद्याशेजारी उभी होती, हातात प्रस्तावनेचा कागद. मी उठून बोलणार होते. भाषण जिभेवर तयार होतं आणि ते लांब होतं. पण माझ्या आधी तिसऱ्या रांगेतून आवाज आला.

"अगं, पण तो भात कोण खात होतं?"

अध्यक्षाची आई होती. वीकेंडला लेकाला भेटायला आलेली. मांडीवर चिवड्याचा डबा.

"मॉम, प्लीज," तो माइकवरच म्हणाला.

"तू गप रे. तिला विचारतेय मी." मग माझ्याकडे वळून, "सांग ना तिला इंग्लिशमधून, काकू विचारतायत म्हणावं."

मी सांगितलं. रूममेटने कागदाची घडी करून खिशात घातली. म्हणाली, आमच्या शाळेत ज्यांना घरून भुताचे सिनेमे बघायची परवानगी नसायची, त्यांना आम्ही मधल्या सुट्टीत सगळा सिनेमा सांगायचो, आवाजांसकट. आणि तिने सांगायला सुरुवात केली. दिवे लावलेल्या हॉलमध्ये, पडद्याविना. सासूचा खोकला काढला, सुनेची पावलं वाजवली. घाम फुटला नाही. अध्यक्षाने दोनदा माइकवर खाकरून बघितलं. काकूंनी मान न वळवता हात वर केला आणि तो थांबला. काही जण उठून गेले. बरेच बसले. शेवटी ते पान कुणासाठी मांडलं होतं हे तिने सांगितलं तेव्हा जरीच्या ओढणीतली एक मुलगी रडत होती.

हिंदी सिनेमा त्यानंतर लागला. मी बाहेर थांबले.

ती डिसेंबरमध्ये परत गेली. ती जिंकली असं तुम्ही म्हणाल. नाही. तिला सिनेमा दाखवायचा होता, सांगायचा नव्हता. तो दाखवू दिला नाही, आणि कमिटीने आजवर माफी मागितलेली नाही. "इट वर्क्ड आउट ग्रेट," असा मेसेज अध्यक्षाने मला केला. नियम तसाच आहे, यंदाचे अर्जही तसेच निघालेत. कोणत्या माणसाचं 'आपलं' काय, हे अजून झेंडा बघूनच ठरतं.

हे फक्त पेनसिल्व्हेनियात होतं असं समजू नका. तुमच्या मंडळात, सोसायटीत, कॉलेजातही कार्यक्रम ठरत असतील. यापुढे तिथे कुणालाही "तुमच्याकडचं काहीतरी आणा" असं सांगू नका. तुम्ही काय बघता, असं विचारा. ते जे नाव सांगतील, ते लावा. आणि संपेपर्यंत दिव्याच्या बटणापासून हात लांब ठेवा.