दूताचं एक वाक्य
“आरं, गोरं माकड मराठी बोलतंय बघ!” मागून कुणीतरी ओरडलं आणि लोणावळ्यातला नाटकाचा अख्खा मंडप हसू लागला. जर्मनीतून जीव वाचवून इथल्या तुंगार्लीत आमच्या शेजारी राहायला आलेला तो ज्यू नट मायदेशी नायकाची कामं करायचा. इथे त्याला दूताचं एकच वाक्य होतं, “महाराज, युवराज रणात पडले.” मीच ते त्याच्याकडून आमच्या व्हरांड्यात घोटून घेतलं होतं. जमलं तर पुढे मोठी भूमिका मिळणार होती. हशा थांबेना, तेव्हा त्याने ते वाक्य पुन्हा, अधिक सावकाश म्हटलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. रंगपटात व्यवस्थापक खुशीत म्हणाले, “पुढच्या नाटकात यांना विदूषकच करू!” खोबरेलाने रंग पुसत त्याने मला इंग्रजीत विचारलं, “माझा उच्चार कुठे चुकला?” तो खोबरेलाचा वास अजून मला सोसत नाही. मी म्हणाले, “कुठेच नाही.”