मोहरीएवढा टवका

आमचा मामा काचवाला. भट्टीत कडक केलेल्या जाड काचेचे कठडे, जिने, दारं बसवतो, आणि मला कळायला लागल्यापासून माझं डोकं खातो. "मधोमध हत्ती नाचव, पण कडेला नख लावू नकोस," हे ऐकून माझे कान किटलेत. काच बसवण्याआधी डोळे मिटून चारही कडांवरून अंगठा फिरवणार म्हणजे फिरवणार. कागदपत्रं, फोन आणि गिऱ्हाइकांची बोलणी मात्र माझ्या वाट्याला!

त्या दिवशी एका शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर कठड्याची शेवटची काच बसत होती. दुसऱ्या दिवशी तिथे वर्ग भरणार होते. मुख्याध्यापिकाबाई सारख्या घड्याळ बघत होत्या. त्या घाईत मामानं काच लाकडी ठोकळ्यांवर न ठेवता क्षणभर थेट फरशीवर टेकवली. ज्यासाठी तो नवशिक्यांना फाडून खातो, नेमकं तेच!

अंगठा फिरवताना तो थांबला. खालच्या कोपऱ्याला मोहरीएवढा टवका उडाला होता.

"ही चालणार नाही."

"मामा, पुरे झालं हं!" मी तडकलेच. "तो कोपरा खाचेत जाणार. कोण मरायला बघतंय? नवी काच यायला आठ दिवस लागतील!"

"आणि एवढ्या जाड काचेला एवढ्याशा टवक्यानं काय होतंय हो?" बाई म्हणाल्या.

मामानं काच ताडपत्रीवर आडवी केली, सगळ्यांना मागे सारलं, डोळ्यांवर चष्मा चढवला आणि मधोमध लाकडी हातोडा हाणला. एकदा, दोनदा, मग सगळा जोर लावून. काच ढिम्म.

"बघा, मी म्हटलं नव्हतं?" बाई म्हणाल्या.

मग त्यानं टवक्यावर छिन्नी टेकवून हलकेच ठोकलं. अख्खी काच एका दमात फुटली आणि मिठाच्या खड्यांसारखा ढीग झाला.

"बसवली असती तर आज काही झालं नसतं," मामा म्हणाला. "कधीतरी उन्हात तापली असती, एखादं पोर रेललं असतं, तेव्हा गेली असती. आणि टवका माझ्या हातून उडाला."

मला माझीच लाज वाटली. एवढी वर्षं ज्याला हट्टी म्हणत आले, त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

"बाई, उद्या हा मजला उघडू नका," मी म्हटलं. "चूक आमची आहे."

बाई त्या ढिगाकडे बघत होत्या. "नवी यायला किती दिवस म्हणालात?"

"आठ."

"दहा घ्या," बाई म्हणाल्या.