आधी चहा, मग फाइल

पक्षकाराने फाइल पुढे सरकवली की वकीलबाई ती तशीच बाजूला ठेवायच्या. "आधी चहा. कागद कुठे पळून जातायत?" चहा कप-बशीतूनच यायचा, ग्लासातून कधीच नाही.

तुम्हाला वाटेल, पाहुणचार. मलाही वाटलेलं. माझा बाप ठाण्याच्या खाडीत जाळं टाकायचा. घरातला पहिला ग्रॅज्युएट मी, पहिला वकीलही मीच. त्यांच्याकडे ज्युनियर म्हणून गेलो तेव्हा चहा बशीत ओतून फुर्रकन प्यायलो आणि लाजलो. बाईंनी आपलाही चहा बशीत ओतला. "गरम असला की असाच प्यायचा. उद्यापासून या."

शेअर्सचे खटले लढणारी बाई तेव्हा ठाण्यात दुसरी नव्हती. मुंबईच्या फोर्टातले बडे वकील त्यांना हसून 'ठाणेवाल्या मॅडम' म्हणायचे.

एकदा वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातले आप्पा आले. त्यांनी आपले एका बाहेरच्या कंपनीचे शेअर्स विकायला काढले, तर ती कंपनी म्हणाली, सही जुळत नाही. वर पोलिसांत तक्रार, की हा माणूस खोटी सही करतो.

"बाई, माझीच सही, आणि मीच चोर? चाळीत तोंड दाखवायला जागा नाही राहिली."

शेअर्स घेतानाची आणि विकतानाची, दोन्ही सह्या मी पाहिल्या. खरंच वेगळ्या होत्या. केस गेलीच, असं मनात म्हटलं.

चहा आला. आप्पांचा उजवा हात खिशातच. डाव्या हातात बशी घेतली, आता कप कशाने उचलणार? अवघडले, आणि हळूच हात बाहेर काढला. दोन बोटं नव्हती.

"कधी झालं हे?" बाईंनी विचारलं.

"प्रेस मशीनवर. शेअर्स घेतल्यानंतर. लोक बघत राहतात हो, म्हणून खिशात ठेवतो."

"आप्पा, कोर्टात खिशात ठेवायचा नाही. कबूल?"

खिशाकडे निघालेला हात आप्पांनी परत टेबलावर ठेवला. "कबूल."

कोर्टात आप्पांनी सगळ्यांसमोर त्याच हातात पेन धरून सही केली. कंपनीने नाकारलेल्या सहीसारखी, हुबेहूब.

कंपनीचे फोर्टातले वकील उठले. "पण जुन्या सहीशी कुठे जुळते?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "जुन्या सहीला जुना हात लागतो, साहेब. तो मशीनमध्ये गेला."

कोर्टात कुणी हसलं नाही. निकाल आप्पांच्या बाजूने लागला, पोलिसांतली तक्रारही कंपनीला मागे घ्यावी लागली. बाहेर आल्यावर आप्पांनी उजवा हात वर करूनच रिक्षा थांबवली. त्या दिवसापासून फोर्टवाले बाईंना नुसतं 'मॅडम' म्हणू लागले.

पुढे इंटरनेट आलं. केस पिकलेल्या बाई वर्तकनगरच्या कॉम्प्युटर क्लासला जाऊन कॉलेजच्या पोरांत बसल्या. ई-मेलवरून शेअर्सच्या थापा मारून लोकांना फसवण्याचे खटले आले, तेही त्यांनी लढवले आणि जिंकले. मी चिडवायचो, "बाई, ई-मेलला चहा कसा पाजणार?"

"पाठवणारा तर चहा पितो ना? त्याला शोधा."

बाई गेल्या तेव्हा ऑफिसात शोकसभा भरली. फोर्टातले बडे वकील खाली सतरंजीवर बसले होते. आप्पा कुणी न सांगता आत गेले आणि चहाचा ट्रे घेऊन आले. उजव्या हाताच्या उरलेल्या बोटांनी कप-बशी धरून प्रत्येकासमोर थांबत होते.

"घ्या साहेब. आधी चहा."