डिंकाची जादा पळी

आमच्या वैद्यकाकांचा सांधेदुखीचा काढा नेपियर टाउनमध्ये नावाजलेला होता, पण तो प्यायची वेळ आली की माणसं तोंड लपवत. त्यात सगळ्यांत पुढे काकू. तिचं गुडघ्याचं दुखणं जुनं, तरी काढ्याचा पेला दिसला की ती लहान मुलीसारखी हट्टाला पेटायची. शेवटी काकांनी तिच्यासाठी काढ्याची गोळी करायचं मनावर घेतलं. मी नुकतीच फार्मसी शिकून आले होते. मला त्यांनी अधारताल भागातल्या त्यांच्या घरामागच्या खोलीत कामाला जुंपलं.

काढा आटवून त्याचं चूर्ण करायचं, डिंकाच्या पाण्यात मळून दाणे पाडायचे, वाळवून हातमशीनवर गोळ्या दाबायच्या. नमुन्यापुरतं मी एकटी करी, तेव्हा गोळी कोमट पाण्यात दहा मिनिटांत विरघळे. मोठा घाणा केला की मात्र दगड. मापं तीच, मोजणारी मीच. गोळी पाण्यात लवकर फुटावी म्हणून मी स्टार्च वाढवला, मशीनला शिव्या घातल्या, फक्त रडायची राहिले. काकू रोज दोन गोळ्या घेऊन सांगायची की छान गुण आहे.

एका दुपारी मी चहा घेऊन जरा लवकर परतले, तर काका माझ्या मिश्रणात डिंकाच्या पाण्याची एक पळी जादा ओतत होते. विचारलं तर जराही न ओशाळता म्हणाले की गिऱ्हाइकाच्या हातात गोळी फुटली तर वैद्याची अब्रू जाते. हातानं वळलेल्या गोळ्यांना ते जन्मभर तसाच सढळ डिंक देत आले होते. मला फार राग आला. वाटीत कोमट पाणी घेतलं, काकूच्या डबीतली गोळी टाकली आणि त्यांना समोर बसवलं. तास उलटला. गोळी होती तशीच होती; पोटातही तिचं हेच होत असणार.

काकांनी काकूला हाक मारली.

"खरं सांग, गुडघा दुखून राहिला का?"

"दुखून तर राहिला. तुम्ही एवढ्या हौसेनं गोळ्या केल्या, काहून सांगू?"

काका उठले आणि त्यांनी स्वतः गॅसवर काढा ठेवला. काकू तो एका दमात, तोंडही वाकडं न करता प्यायली. त्या दोघांबद्दल मला फार माया वाटली.

पुढच्या घाण्याला काका हात मागे बांधून उभे राहिले. पहिली गोळी त्यांनीच काकूसमोर वाटीत टाकली. ती फुगली, फुटली, तळाशी बसली.

"अच्छा," काकू वाटीत डोकावत म्हणाली, "आता दुखलं तर सांगत जाईन."