अठरा वर्षं वाकलेली

"पुसून घे. पोछा नको घेऊस, तो घरातला आहे. तुझ्या ओढणीनं पूस."

बाराव्या मजल्यावरच्या मॅडम बोलत होत्या. मुलुंडचा टॉवर, लॉबीतली पांढरी फरशी, फरशीवर माझी लघवी. माझ्या हातात त्यांच्या कुत्र्याचा पट्टा. मी चाळीस वर्षांची, दोन मुलांची आई. गुडघ्यावर बसले आणि पुसलं. मॅडम मोबाइल धरून उभ्या. संध्याकाळी तो व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर.

त्या घरात मी सकाळी आठ ते संध्याकाळी सात असायचे. तीन संडास. तिन्ही मीच घासायचे. वापरायचा एकही नाही. खाली वॉचमनचा एक होता, त्याला सदा कुलूप. मी पाणी पिणंच कमी केलं होतं. कुत्र्याला मात्र दिवसातून तीनदा खाली न्यायचं. "त्याला तुंबवून ठेवू नकोस हां, आजारी पडेल," मॅडम सांगायच्या. त्या दिवशी त्याचं झालं. वर जायला लिफ्ट काही येईना. माझं तिथंच सुटलं.

तीन दिवस तापात पडून होते. लघवीची जळजळ थांबेना. नवऱ्याला कारण सांगितलं नाही. विक्रोळीची आमची चाळ, भिंतीला भिंत. शेजारची रूथवहिनी पेज घेऊन आली, तिच्यापाशी सगळं बोलले. तिनं सल्ला दिला नाही. म्हणाली, "रविवारी आमच्याकडे प्रार्थना आहे. नुसती येऊन बस."

गेले. चटईवर दहा-बारा माणसं. एक ताई उपदेश करत होत्या, निवृत्त नर्स. मला वाटलं, आता सोसायला सांगतील. सगळेच सांगतात.

त्यांनी बायबलमधली एका बाईची गोष्ट काढली. लूकच्या शुभवर्तमानातली. अठरा वर्षं कंबरेत वाकलेली. येशूनं तिला भर सभेत पुढे बोलावलं, हात ठेवला, ती सरळ उभी राहिली. तर त्या प्रार्थनास्थळाचा अधिकारी भडकला. आज शब्बाथ, विसाव्याचा दिवस, आज हे चालणार नाही. कामाचे सहा दिवस आहेत, तेव्हा या.

"येशूनं काय विचारलं त्याला?" ताई म्हणाल्या. "शब्बाथाला तुम्ही बैल सोडता, गाढव सोडता, पाण्यावर नेता. मग अठरा वर्षं बांधलेल्या या लेकीला सोडवायचं नाही?"

बैल. गाढव. मला पट्टा दिसला. मी तोंडात पदर कोंबला, तरी हुंदका फुटलाच.

सगळे गेल्यावर मी विचारलं, "ताई, त्या अधिकाऱ्याचं काय झालं?"

"विरोध करणारे सगळे लाजले, असं लिहिलंय."

मॅडम लाजतील असं काही मला वाटलं नाही. पण एक कळलं. वाकणं हे त्या बाईचं नशीब नव्हतं. ती बांधलेली होती.

घरी सासू दारातच. "देव बदललास काय गो?"

"नाही आई. गोष्ट ऐकून आले."

सोमवारी वर गेले. झाडूला हात लावला नाही.

"मॅडम, मला घरातला संडास वापरायचाय. आणि तो व्हिडिओ काढा."

"सोसायटीला अर्ज दे. पुढच्या मीटिंगला बघू."

"कुत्र्यासाठी अर्ज दिला होता?"

दार तोंडावर आपटलं. काम गेलं. जिना उतरताना घरखर्चाचा हिशेब करत होते. शौर्य वगैरे काही नव्हतं त्यात.

त्या टॉवरमध्ये अजून सोळा जणी कामाला येतात. मी आता सकाळी गेटवर उभी असते, कागद घेऊन. मागणी एकच, आम्हाला संडास. पाच जणींनी सही केली. बाकीच्या मान खाली घालून जातात. एक तर म्हणाली, "तुझी वाट लागली, आता आमची लावू नको." राग येत नाही. मीपण अशीच गेले असते.

तो व्हिडिओ आहेच. एक दिवस माझ्या पोराच्या मोबाइलवर येईल. तो यायच्या आधी मीच त्याला सांगणार आहे. काय झालं, कुणी केलं, नाव घेऊन. आणि उरलेल्या अकरा जणींना पुन्हा विचारणार. उद्या. परवा. त्या गेटवरून मी हलणार नाही.